ते ब्लँकेट सेन्सॉरने टांगलेलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला हॉलिवूडच्या जुन्या प्रेमपटांवरचा लेख वाचला. ‘गोडगोड’, ‘टाइमपास’, ‘श्रीमंतांचे चोचले’ ही विशेषणं वाचून राग आलाच. पण ‘इट हॅपन्ड वन नाइट’मधल्या ब्लँकेटबद्दल जे छापलंय, ते सरळसरळ चूक आहे. म्हणे सेन्सॉरच्या धाकाने ते नायक-नायिकेच्या मध्ये टांगावं लागलं! हा सिनेमा फेब्रुवारी १९३४ मध्ये लागला. सिनेमात काय दाखवायचं, काय नाही, याची हॉलिवूडची आचारसंहिता १९३० पासून कागदावर होती खरी, पण ती राबवणाऱ्या जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय सिनेमा लावायचा नाही, ही सक्ती १ जुलै १९३४ पासूनची. एवढं तरी छापण्याआधी कुणीतरी तपासायला हवं होतं.

त्या ब्लँकेटवर अख्खी पटकथा उभी आहे. पैसे वाचवायला दोघं नवरा-बायको म्हणून एकच खोली घेतात. नायक क्लार्क गेबल दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधतो, तिच्यावर ब्लँकेट टाकतो आणि त्याला जेरिकोची भिंत म्हणतो. बायबलमधली ती भिंत रणशिंगाने पडली होती, हेही पहिल्याच रात्री बोलता बोलता सांगून ठेवतो. पुढच्या एका मुक्कामी नायिका क्लॉडेट कोल्बर्ट आपण होऊन भिंतीच्या पलीकडे येते, प्रेम कबूल करते, आणि तो तिला परत पाठवतो. शेवटी तिचं आधीचं लग्न रद्द झाल्यावरच भिंत पडते, तीही दोघांपैकी कुणीही पडद्यावर न दिसता. बाहेर उभं असलेलं, भाड्याच्या खोल्यांचं मालक जोडपं नवल करत असतं, की यांना दोरी, ब्लँकेट आणि खेळण्यातलं बिगूल कशाला हवं होतं? आतून बिगूल वाजतं, ब्लँकेट खाली येतं, अंधार. पहिल्या रात्रीच्या त्या एका वाक्याशिवाय हा शेवट कळलाच नसता. अशा बांधणीला टाइमपास म्हणायचं? फ्रँक काप्राच्या या सिनेमाला चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा अशी पाचही मुख्य ऑस्कर मिळाली. याच कथेवर आपल्याकडे ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) आले, त्याचा लेखात उल्लेखही नाही.

आता श्रीमंतांचे चोचले. अर्न्स्ट लुबिचच्या ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’मध्ये (१९४०) बुडापेस्टच्या एका दुकानातले पगारी नोकर आहेत. मालक मत विचारायला लागला की त्यांच्यातला पिरोविच जिन्याने पसार होतो, कारण खरं बोललं तर नोकरीवर गदा. नायक जेम्स स्टुअर्टची तर नोकरी जातेच. आणि नायिका अनोळखी पत्रमित्राचं पत्र आलंय का ते बघायला जाते, तो पोस्टातला प्रसंग! कॅमेरा २३७ क्रमांकाच्या पेटीच्या आतल्या बाजूला आहे. हातमोजा घातलेला हात आत येतो, चाचपतो, काहीच लागत नाही. मग त्या चौकटीतून नायिकेचा, मार्गारेट सुलावनचा चेहरा दिसतो. तिच्या तोंडी एकही वाक्य दिलेलं नाही. नंतरच्या प्रेमपटांत नेमकं इथेच बिघडतं. चेहऱ्यावर थांबायला धीर नसतो, म्हणून संगीत वाढवतात, नाहीतर मैत्रिणीच्या तोंडून सगळं वदवून घेतात. हॉवर्ड हॉक्सने ‘हिज गर्ल फ्रायडे’त वाक्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी बिनमहत्त्वाचे शब्द घालून घेतले, म्हणजे दोघं एकाच वेळी बोलली तरी मधला मुद्दा ऐकू यावा. हलकंफुलकं वाटावं म्हणून एवढी मेहनत करावी लागते.

जाता जाता, लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल. ‘रोमन हॉलिडे’ कृष्णधवल आहे. तुम्ही त्याला रंग फासलात, वर आडव्या चौकटीत बसवायला वेस्पा स्कूटरची चाकंही कापलीत. घरोघरच्या टीव्हीवर तेच चालतं. या सिनेमांची चौकट १.३७ : १ अशी, जवळजवळ चौरस. पडदा भरावा म्हणून ‘झूम’ केलं की उंचीतला जवळपास पाव भाग जातो, वरून केस आणि खालून हात. ‘द लेडी ईव्ह’मध्ये बार्बरा स्टॅनविक पाय आडवा घालून हेन्री फोंडाला पाडते, असे प्रसंग चौकटीच्या खालच्या कडेलाच घडतात. पुरवणीत जुन्या सिनेमांची शिफारस कराल तेव्हा एक ओळ जरूर छापा: चित्राचा आकार ‘मूळ’ किंवा ४:३ ठेवा, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्या, आणि हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीतली सोय बंद करा.

आपला,
एक नियमित वाचक