शिक्क्याचे जादा पैसे घेतलेत, आता शिक्क्याचा अर्थ सांगा

पुणे
दि. १४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
ग्राहकसेवा प्रमुख

विषय : ‘जबाबदारीने मिळवलेला कोको’ असा शिक्का असलेल्या चॉकलेटच्या डब्यांबाबत, आणि सोबत परत पाठवत असलेल्या कूपनबाबत.

महोदय,

भाऊबीजेसाठी मी आपल्या कंपनीचे दोन डबे घेतले. दुकानात एकाच फळीवर आपलेच दोन प्रकार होते. वजन सारखं, चॉकलेटं सारखी. साध्या डब्याची किंमत ४९० रुपये, हिरवा शिक्का असलेल्याची ६२०. मी शिक्क्याचा घेतला. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेच्या पेन्शनमध्ये डब्यामागे १३० रुपये जास्त म्हणजे थोडे नव्हेत, पण आनंदाने दिले.

सातवीतल्या भाच्याने शिक्का वाचला आणि विचारलं, “आत्या, जबाबदारीने म्हणजे काय गं?” मला सांगता येईना. म्हणून डब्यावरच्या नंबरला फोन केला. पहिल्यांदा विचारलं गेलं, चॉकलेट वितळलंय का. दुसऱ्यांदा, तारीख उलटून गेली आहे का. तिसऱ्यांदा मेल करायला सांगितलं. मेलला नवव्या दिवशी उत्तर आलं की कोको प्रमाणित आहे, ‘झालेल्या असुविधेबद्दल दिलगीर आहोत’. पाठोपाठ कुरिअरने १५० रुपयांचं कूपन. मला असुविधा काहीच झाली नव्हती हो, मी प्रश्न विचारला होता : हा कोको कुठल्या देशातला, आणि तो काढायला लहान मुलं होती का?

का विचारते, तेही सांगते. मी बीड जिल्ह्यात एकतीस वर्षं शिकवलं. दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा. आमच्याकडे तोडीला जाणाऱ्या जोडप्यालाच ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यावर. पोराचं नाव त्या हिशेबात कुठेच नसतं, म्हणजे त्याचं काम फुकट. चौथीतली एक मुलगी हंगाम संपवून परत आली तेव्हा तिच्या डाव्या अंगठ्यावर कोयत्याचा वण होता. मोळी बांधायला शिकली होती, जोडाक्षरं विसरली होती.

पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधल्या कोकोबद्दल वाचताना मला ती मुलगी आठवते. तिथला मुख्य हंगामही ऑक्टोबर ते मार्च. कोकोचं फळ झाडावरून उतरवायचं आणि फोडायचं ते कोयत्यानेच. मुलं ही कामं करतात, वर ओझी वाहतात, फवारणीच्या औषधात असतात. शिकागो विद्यापीठातल्या नॉर्क या संशोधन संस्थेच्या २०२० च्या अहवालात आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून सुमारे १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या कामात असल्याचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक धोक्याच्या कामात. बरीचशी स्वतःच्याच घरच्या बागेत राबणारी. काही शेजारच्या माली, बुर्किना फासो या देशांतून दलालांनी आणलेली. ‘घरचीच मदत’ हे उत्तर कृपा करून देऊ नका, ते मी उसाच्या फडावर भरपूर ऐकलं आहे.

अमेरिकेतल्या टॉम हार्किन आणि एलियट एंगेल या दोन लोकप्रतिनिधींच्या पुढाकाराने मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये कोकोतली सर्वांत वाईट बालमजुरी संपवण्याचा करार केला होता. मुदत २००५ ची. मग २००८, मग २०१०, आणि शेवटी २०२० पर्यंत ७० टक्के घट, एवढ्यावर आलं. तेही झालं नाही. आमच्या शाळेत गृहपाठालासुद्धा कुणाला इतकी मुदतवाढ मिळाली नाही.

आता शिक्का. मेलच्या तळाशी बारीक अक्षरात ‘मास बॅलन्स’ असं होतं. शोधून वाचलं. गिरणीत आपण चांगला गहू देतो आणि पीठ मिळतं सगळ्यांच्या मिसळलेल्या दळणातलं, फक्त वजन बरोबर, तसा हा प्रकार. कंपनीने तेवढ्या वजनाचा प्रमाणित कोको कुठेतरी विकत घेतला की झालं; माझ्या डब्यात तो असेलच असं नाही. ही पद्धत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्य आहे, हेही वाचलं. पण मग डब्याच्या दर्शनी भागावर ते का लिहीत नाही?

आपण कोको विकत घेणं बंद करावं, असं माझं म्हणणं नाही. गिऱ्हाईक गेलं म्हणून ते पोरगं शाळेत जाणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला आणि आपण डबा महाग केलात. तिथल्या शेतकऱ्याचा दर मात्र सरकार ठरवतं, त्यामुळे तो उच्चांक त्याच्या हाती लागलाच नाही. घरात पैसा नसेल तर पोरगं कामालाच जाणार.

मला हवं आहे ते इतकंच. या डब्यातला कोको कुठल्या देशातून, कुठल्या सहकारी संस्थेकडून आला? प्रमाणित कोको प्रत्यक्ष डब्यात किती? आणि आपल्या पुरवठादारांकडे गेल्या वर्षी किती मुलं काम करताना सापडली, त्यांचं पुढे काय केलं? आकडा मोठा असला तरी चालेल. हॉलंडची टोनीज चोकोलोनली ही कंपनी सापडलेल्या मुलांची संख्या स्वतःच्या अहवालात छापते. शून्य मात्र सांगू नका. ऐन तोडीच्या हंगामात पटावर शून्य गैरहजेरी दाखवणारे मास्तर आम्ही ओळखून असायचो.

(डब्यावरच्या घटकांत पहिलं नाव साखरेचं आहे. ती कुठल्या फडातली, हे मी विचारलेलं नाही. त्याचं उत्तर मला अर्धंमुर्धं माहीत आहे.)

हे सांगता येत नसेल तर शिक्का काढा आणि दोन डब्यांचे जादाचे २६० रुपये परत करा. ३० दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार करीन. १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर लिहूनच ठेवला आहे. उत्तर मराठीत द्यावं, भाच्याला वाचून दाखवायचं आहे.

आपली,
एक ग्राहक (निवृत्त प्राथमिक शिक्षिका)

सोबत : बिलाची झेरॉक्स, डब्याचं शिक्का असलेलं झाकण, १५० रुपयांचं न वापरलेलं कूपन.