नव्या दंतवैद्यांच्या अटी कागदावर याव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की नौपाड्यातील माझ्या दवाखान्यात येणारे पालक एक प्रश्न हमखास विचारतात : एमबीबीएस मिळेलसे दिसत नाही, तर मुलीला बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला, घालावे का? नीटचे गुण, महाविद्यालये आणि शुल्क यांची माहिती त्यांनी माझ्यापेक्षा अधिक काढलेली असते. पदवीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुलगी नेमकी कुठे आणि कोणत्या अटींवर काम करील, हे मात्र त्यांना कोणीच सांगितलेले नसते.

चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता पुरी करून महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदणी झाली की स्वतंत्र व्यवसाय करण्याची कायद्याने मुभा मिळते. एमडीएस ही पदव्युत्तर पदवी करायची तर पुन्हा प्रवेश परीक्षा आणि आणखी तीन वर्षे. नेरुळ, बेलापूर, खारघर आणि कामोठे येथे दंत महाविद्यालये असल्याने तेथून बाहेर पडणारे अनेकजण ठाणे-नवी मुंबईतच स्थिरावू पाहतात. सरकारी पदे थोडी, आणि स्वतःचा दवाखाना थाटायचा तर गाळ्याची अनामत, खुर्ची, कॉम्प्रेसर, उपकरणे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह, क्ष-किरण यंत्र असा सगळा खर्च आधी करावा लागतो. त्या यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंद करावी लागते, आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार एका खुर्चीच्या दवाखान्यालाही प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. (कॉम्प्रेसरच्या आवाजाबद्दल सोसायटीची समजूत कशी काढावी, हे मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.)

म्हणून बहुतेक नवे दंतवैद्य आधी दुसऱ्याच्या दवाखान्यात असोसिएट म्हणून लागतात. ही रीत चांगलीच आहे. दाढ काढताना मूळ तुटले तर काय करायचे, घाबरलेल्या मुलाला खुर्चीत कसे बसवायचे, कवळी टोचते म्हणून चौथ्यांदा आलेल्या आजोबांशी कसे बोलायचे, हे अनुभवी माणसाशेजारी उभे राहूनच कळते. अडचण आहे ती व्यवहाराची. काम टक्केवारीवर असते आणि टक्केवारी तोंडी ठरते. ती रुग्णाने भरलेल्या एकूण रकमेवर, की कॅप-कवळी बनवणाऱ्या लॅबचे बिल वजा करून उरलेल्या रकमेवर? रूट कॅनाल एकीने केले आणि कॅप बसण्याआधी तिने दवाखाना सोडला, तर तिचा वाटा कोणता? सहा महिन्यांनी ती कॅप निघाली, तर पुन्हा बसवण्याचा खर्च कोणाचा? रुग्णाने हप्त्यांनी पैसे दिले, तर असोसिएटला ते कधी मिळायचे? या प्रश्नांवरून चांगले संबंध तुटलेले मी या शहरात अनेकदा पाहिले आहेत, आणि दर वेळी दोन्ही बाजू आपापल्या आठवणीच्या जोरावर भांडत असतात. एंडोमोटर, ॲपेक्स लोकेटर आणि फाइल्स ही रूट कॅनालची उपकरणे पिशवीत घालून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीहून ठाण्याला येणाऱ्या एमडीएस सल्लागारांचीही स्थिती फारशी वेगळी नाही.

हा आमचा घरचा मामला आहे, असे वाचकांना वाटेल, पण त्याची झळ रुग्णालाही लागते. जिची मिळकत केवळ महिन्याला किती कॅप बसवल्या यावर ठरते, तिला ‘हा दात आणखी वर्षभर नुसता पाहत राहू’ असे सांगणे जड जाते. आरोग्य विम्यात दातांचे नेहमीचे उपचार बहुधा बसत नसल्याने रुग्ण खिशातून पैसे मोजतो, त्यामुळे प्रत्येक सल्ल्याकडे तो संशयाने पाहतो आणि वाचू शकणारा दातही ‘काढूनच टाका’ म्हणतो.

माझी सूचना एवढीच की, दंत परिषदेने आणि दंतवैद्यांच्या स्थानिक संघटनांनी मिळून असोसिएट व सल्लागारांसाठी एका पानाचा नमुना करार मराठीत आणि इंग्रजीत प्रसिद्ध करावा. किमान ठरावीक मासिक रक्कम, टक्केवारीचा आधार, पैसे देण्याची तारीख, अपुऱ्या राहिलेल्या उपचारांचा हिशेब आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या कामाची जबाबदारी त्यात असावी. प्रत्यक्ष उपचार करणाऱ्याचे नाव व नोंदणी क्रमांक केसपेपरवर यावा, म्हणजे आपला दात कोणी भरला हे रुग्णालाही कळेल.

‘आम्ही यांना हाताला धरून शिकवतो, त्याचे मोल कोण देणार?’ असे माझ्या पिढीतील काहीजण यावर म्हणतील. त्यांचे म्हणणे रास्त आहे. शिकवण्याचे तास आणि त्या काळातील कमी मोबदला हेही करारात खुशाल लिहावे. आंतरवासिता संपवून नवी तुकडी कामाच्या शोधात बाहेर पडण्यापूर्वी हा नमुना तिच्या हाती द्यावा, अशी विनंती आहे.

— एक दंतवैद्य, नौपाडा, ठाणे (प.)