आत जाते आहे तोवर

रामबाग, इंदूर
रविवार

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास, आवाज मीही चढवला होता. तुझ्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या एस्टिमेटचा फोटो मात्र भिंग घेऊन वाचला. ‘एवढ्याशा गाठीला एवढे पैसे?’ म्हणालास, म्हणून लिहिते.

गाठ नाही रे ती. जांघेतल्या स्नायूंच्या भिंतीला भोक पडलंय, त्यातून आतडं नाहीतर चरबी बाहेर डोकावते. ते गोळ्यांनी बुजत नाही, व्यायामाने नाही. पट्टा नुसता दाबून धरतो. आडवा झालास की आत जाते ना अजून?

आता पैसे. पॅकेजच्या आकड्याखाली बारीक अक्षरात ‘मेश व टॅकर वेगळे’ लिहिलंय, ते तू वाचलंच नाहीस. मेश म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची जाळी. दुर्बिणीच्या ऑपरेशनला साधारण १५ बाय १० सेंटीमीटरची लागते. टॅकर म्हणजे ती जाळी टाचायचं पिस्तूल, एका पेशंटला वापरून फेकायचं, आणि बिल फुगतं ते तिथे. सर्जनना सरळ विचार, टाचायलाच हवी का? भोक लहान असेल तर पुष्कळदा न टाचताही जाळी बसते. दुर्बिणीने दुखतं कमी, माणूस कामाला लवकर लागतो, पण बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. उघडं ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन, कधी नुसती जागा बधिर करूनही होतं, आणि स्वस्त पडतं. तुझा हर्निया एकाच बाजूचा आहे, पहिल्यांदाच झालाय. उघडं करून घेतलंस तर काही कमीपणा नाही.

विमा तपास. घरच्या पॉलिसीत हर्नियाला बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं, कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत सहसा नाही. खोलीभाड्याची मर्यादा बघ. वरची खोली घेतलीस तर नुसता भाड्यातला फरक भरून सुटत नाहीस, बऱ्याच पॉलिसींत सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात.

आणि एखाद्या रात्री आत गेली नाही, टणक झाली, ठणकायला लागली, उलटी झाली, तर दाबत बसायचं नाही. मला फोनही नंतर. आधी इमर्जन्सी. अडकलेल्या आतड्याचं रक्त तुटतं आणि काही तासांत ते काळं पडतं. मग तेवढा तुकडा कापायचा, आयसीयू, आणि घाण झालेल्या जागी जाळी बसवायला सर्जन कचरतात. तेव्हा कुठलं पॅकेज!

झालं माझं भाषण सुरू. चुकलं. बाबा म्हणतात, सगळ्यांचंच काही अडकत नाही. खरंय, त्रास नसेल तर पुरुषांना थांबता येतं. पण तुला जिने चढताना दुखतं, आणि तरी तू इन्व्हर्टरची बॅटरी तीन मजले उचलून नेलीस. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या झाक्या बघताना बाबांच्या खांद्यावर बसून ‘दमलात का?’ विचारणारा तू. दुसऱ्यांचं ओझं तुला तेव्हापासून दिसतं. स्वतःचं मात्र सुधाकाकासारखंच दिसत नाही.

ऑपरेशनच्याच दिवशी चालवतील, घाबरू नकोस. लघवी झाल्याशिवाय घरी निघू नकोस, भुलीनंतर ती अडते. पोट साफ राहू दे, कुंथायचं नाही, इसबगोल आणून ठेव. जड उचलणं काही आठवडे बंद. त्याच जागी परत फुगवटा आला तर पुष्कळदा नुसतं पाणी साठलेलं असतं, दाखवून घे.

तारीख कळव, अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट काढते. दिवाळीनंतर वगैरे नको. तोवर रात्री आडवा झालास की एवढाच मेसेज टाक: ‘गेली आत.’

तुझी,
आई