सिकलसेलवरचं नाटक गावोगाव नेण्यासाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर आमच्या मंडळाचं कलापथक सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या नाटकाचा प्रयोग घेऊन पुन्हा गावोगाव निघणार आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात नाटकाला माणसं गोळा करावी लागत नाहीत. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, भरली की दंडार हे लोकनाट्य ठरलेलं, आणि झाडीपट्टीचं, म्हणजे याच जंगलपट्ट्यातलं, नाटक लागलं की आसपासची गावं रिकामी होतात. ज्या विदर्भानं गाडगेबाबांचं कीर्तन आणि तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकली, तिथे आरोग्याची गोष्ट गाण्यातून सांगण्यात नवं काही नाही. अडचण वेगळीच आहे. या गोष्टीत थोडं गणित आहे, आणि नेमकं तेच चुकीचं समजलं जातं.

आजार बहुतेकांना ऐकून माहीत आहे. निरोगी तांबडी पेशी गोल आणि लवचिक असते, सुमारे १२० दिवस टिकते. सिकलसेलमध्ये ती विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हातपाय, पाठ, छाती अशी दुखते की धडधाकट पोरगा जमिनीवर लोळतो. घरचे त्याला वात म्हणतात, करणी म्हणतात, आणि शाळेत तो कामचुकार ठरतो. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिड ही औषधं, वेळेवर लसी आणि भरपूर पाणी यांवर रुग्ण शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. हा फक्त आदिवासींचा आजार, हाही गैरसमजच. आपल्याकडे तो अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही आहे.

आता गणिताचं. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः ठणठणीत पण दोष पुढे देऊ शकणारे, तर मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. लोक याचा अर्थ लावतात की चार मुलांत एकच आजारी निघणार. पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली. प्रयोगात आम्ही हे भाषणानं सांगत नाही. प्रेक्षकांतल्या एका आजीला आणि एका आजोबाला उठवतो, दोघांच्या हातात एकेक नाणं देतो. दोन्ही नाण्यांवर काटा पडला तर बाळ आजारी. ढोलकी थांबते, नाणी उडतात, सगळा मांडव ओरडतो. कधी लागोपाठ दोनदा काटा-काटा पडतो, कधी दहा वेळा पडतच नाही. प्रत्येक बाळंतपणाला नाणी नव्यानं उडतात, हे मग कुणाला समजावावं लागत नाही. आणि दोन्ही नाणी लागतात, त्यामुळे ‘सुनेनं आजार आणला’ हे वाक्यही तिथेच पडतं. आमच्या मते अख्ख्या प्रयोगातला हाच कामाचा भाग. गाणी तिथवर माणसं बसवून ठेवतात.

नुसत्या टाळ्या घेऊन परतणारा प्रयोग मात्र आम्हाला करायचा नाही. मांडवाशेजारी प्राथमिक आरोग्य केंद्राचे कर्मचारी आणि आशाताई बसतात. बोटातून रक्ताचा थेंब, सोल्युबिलिटी चाचणी. द्रावण गढूळ झालं तर पुढची तपासणी. ही तपासणी मोफत आहे, तिच्यासाठी एक पैसाही नको. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. पण चिठ्ठी हातात घेऊन रांगेत उभं राहायचं धाडस गावात आपोआप येत नाही. मुलगी वाहक निघाली तर तिचं लग्न मोडेल, ही भीती खरी आहे. म्हणून निकाल मांडवात कधीच सांगितला जात नाही, ज्याचा त्याला एकट्याला दिला जातो. हा नियम ज्या गावाला मान्य नाही तिथे आम्ही जाणार नाही.

प्रयोग दुपारी होतो. झाडीपट्टीत रात्रभर नाटक बघायची सवय, त्यामुळे याची थट्टा होते. पण थंडी आणि अंगातलं पाणी कमी होणं, या दोन्हींनी रुग्णाचं दुखणं उसळतं. ज्यांच्यासाठी नाटक, त्यांनाच थंडीत रात्रभर उघड्यावर बसवायचं कसं? आमच्या संचातही सिकलसेलचे कलावंत आहेत. दुखणं तारीख विचारून येत नाही, म्हणून प्रत्येक भूमिकेला दोन माणसं तयार ठेवावी लागतात.

इथेच पैसा लागतो. कलावंत हंगामात ‘नाईट’वर, म्हणजे दर प्रयोगाला मिळणाऱ्या पैशावर, पोट भरतात. सामाजिक काम आहे म्हणून त्यांना फुकट नाचवणं आम्हाला मान्य नाही; मानधन द्यायचंच आहे, आणि तेही दुहेरी संचाला. त्याखालोखाल खर्च गाडी आणि डिझेलचा. हार्मोनियमचा भाता फाटला आहे, बॅटरीवर चालणारा ध्वनिक्षेपक हवा आहे, कारण वीज असेलच असं नाही. कुणाकडे वापरात नसलेली ढोलकी किंवा खंजिरी असेल तर तीही चालेल.

पैशाहून अवघड मागणी भाषेची आहे. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीकडे मराठी गाणं अर्धंच पोचतं. आम्हाला अनुवाद नको. गोंडी आणि माडिया या तिथल्या आदिवासी भाषांत स्वतः गाणं रचणारे, रेला या तिथल्या समूहनृत्याच्या ठेक्यात ते बसवणारे लोक हवेत. शिक्षक, वसतिगृहातले विद्यार्थी, कुणीही. त्यांनाही मानधन मिळेल.

देणगी फक्त मंडळाच्या खात्यात जमा करावी आणि पावती मागून घ्यावी. रोख रक्कम आमच्या नावानं कुणी मागितली तर देऊ नये. हंगाम संपल्यावर गावनिहाय हिशेब मंडळाच्या फलकावर लावला जाईल. रुग्णांची नावं आणि फोटो त्यात नसतील, देणगीदारांनीही ते मागू नयेत.

ज्या गावांना प्रयोग हवा आहे त्यांनी ११ ते १७ डिसेंबरच्या सिकलसेल सप्ताहाचा आग्रह धरू नये, त्या आठवड्यात सगळीकडून बोलावणी येतात. इतर कुठलाही दिवस कळवा. सावलीची जागा, पिण्याचं पाणी, आणि तपासणीसाठी दार बंद होणारी एक खोली, एवढी तयारी गावानं करावी. जेवणाचं आम्ही आमचं पाहू.