पदर उलटून बघा

महोदय,
परवा भाचीच्या लग्नाचा बस्ता काढायला गेलो होतो, दुकानदार म्हणतो ताई प्युअर हातमागाची पैठणी, साडेचार हजार फक्त! पदर उलटा केला तर मोराच्या मागं कापलेले धागे लोंबतायत. अहो खऱ्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखाच दिसतो, कारण एकेक रंग वेगळ्या छोट्या कांडीवरून हातानं गुंफतात, म्हणून तर एका साडीला महिने लागतात. येवला-पैठणच्या पैठणीला २०१० पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आपल्या सोलापुरी चादरीलाही आहे. मशीनची विका ना, पण मशीनची म्हणून विका. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या सोलापूरकरांनाच फसवताय होय? मी नाही घेतली, भाची मात्र रुसलीय.
– एक वाचक, सोलापूर