परदेशी सहलीला विम्याशिवाय नेऊ नका

महोदय,
बँकॉकच्या सहलीत माझ्या मामांच्या छातीत कळ आली. १६६९ या तिथल्या आपत्कालीन वैद्यकीय क्रमांकावर फोन करताच रुग्णवाहिका आली. पण रुग्णालयाने अँजिओप्लास्टीआधी भलीमोठी अनामत मागितली. मामी डॉक्टरांना गोळ्यांची कातरलेली पट्टी दाखवत होती, त्यावर औषधाचे नावच उरले नव्हते. विमा नव्हता, कारण सहल कंपनीने तो विषयच काढला नाही. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे आहे. थायलंडसाठी तशी अट नव्हती. मग ज्येष्ठांचे काय? (मामा आता बरे आहेत.) विम्याशिवाय बुकिंगच घेऊ नये, असा नियम सरकारने करावा. विम्याच्या अर्जात रक्तदाब, मधुमेह लपवायला सांगणाऱ्या एजंटांवरही कारवाई व्हावी. दावा फेटाळला जातो तो अनेकदा त्यामुळेच.
– एक वाचक, ठाणे