थांब्यांचा हिशेबही छापा

संपादक महोदय,

साठी ओलांडलेल्या एखाद्या स्वाराने मोटारसायकलवरून एका दिवसात दीड हजार किलोमीटर कापले की त्याची बातमी होते. अंतर असते, तास असतात, जिद्दीचे कौतुकही असते. तो कितीदा थांबला, आदल्या रात्री किती झोपला, हे बहुधा नसते. आयुष्यभर दुचाकी चालवलेले लोक अशा राइडकडे वळत असताना हीच माहिती त्यांना सर्वांत आधी हवी, म्हणून आपल्या बातमीदारांनी ती आवर्जून विचारावी, अशी विनंती.

अमेरिकेतील आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या दुचाकीस्वारांच्या संघटनेची ‘सॅडलसोर १०००’ ही या प्रकारातली परिचित राइड. २४ तासांत १००० मैल, म्हणजे १६०९ किलोमीटर. सरासरी निघते ताशी ६७. एकूण चार तास थांबण्यात गेले तर चालत्या गाडीवर ताशी ८० राखावे लागतात, सहा तास गेले तर ८९. दर अडीचशे किलोमीटरला पेट्रोल भरायचे तर वाटेत सहा थांबे होतात. प्रत्येकी दहा मिनिटांत उरकले तर एक तास. अर्धा-अर्धा तास रेंगाळले तर तीन. ते दोन तास वेगाने भरून काढू गेले की वाऱ्याचा मारा, पेट्रोलचा खप आणि थकवा तिन्ही वाढतात. म्हणून थांब्यावरचा क्रम आधीच ठरलेला असावा: पेट्रोल, पावती, मीटरचा आकडा, लघवी, पाणी, टायरवर नजर, निघणे. पावतीवर वेळ आणि ठिकाण नीट उमटले का, ते पंपावरच पाहावे. राइड पूर्ण केल्याच्या दाखल्यासाठी तोच पुरावा असतो.

वाचवलेला वेळ झोपेसाठी राखून ठेवायचा. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळेत शरीराची सतर्कता सर्वांत खाली जाते. संध्याकाळी लवकर झोपून पहाटे चार-पाचला निघाले, तर पल्ला मध्यरात्रीच्या सुमारास आटोक्यात येतो आणि हा काळ टळतो. ताशी ९० च्या वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ७५ मीटर रस्ता न पाहता जाणे. मागचे काही किलोमीटर आठवत नाहीत, वेग आपोआप कमीजास्त होतो, गाडी लेनमध्ये राहत नाही, यांपैकी एकही खूण दिसली की थांबावे. व्हायझर, म्हणजे हेल्मेटची काच, उघडून गार वारा घेतल्याने किंवा गाणी लावल्याने झोप जात नाही. कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटे आडवे व्हावे. कॅफिनचा परिणाम साधारण तेवढ्याच वेळाने सुरू होतो. उठल्यावर दहा मिनिटे चालावे, मगच किल्ली फिरवावी.

वयाचा भाग इथे खरा आडवा येतो. उतारवयात तहान उशिरा जाणवते, समोरच्या दिव्याने दिपलेले डोळे सावरायला वेळ लागतो. तहानेची वाट न पाहता नळीच्या पिशवीतून घोट-घोट पाणी घेत राहावे. रात्रीसाठी ओरखडे नसलेला पारदर्शक व्हायझर हवाच. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते, रक्तदाबाच्या काही औषधांनी लघवी वाढून पाणी कमी होते. डॉक्टरांना राइडची कल्पना आधी द्यावी. हवा ३५ अंशांपुढे तापली की उघड्या जाकिटातून येणारा वारा अंग तापवतो. आतला शर्ट भिजवून जाकीट बंद ठेवावे. कानात फोमचे बोळे घालावेत. हेल्मेटमधल्या वाऱ्याच्या आवाजाने येणारा थकवा फार उशिरा लक्षात येतो.

गाडीचे बिघाड बहुतेक ठरलेलेच असतात. चेन तापली की कोरडी पडते; दर पाचशे किलोमीटरला वंगण द्यावे, पण ताण मॅन्युअलप्रमाणेच ठेवावा. फार ओढलेली चेन गिअरबॉक्सचे आणि चाकाचे बेअरिंग खाते. सतत चढ्या आरपीएमवर, म्हणजे जास्त फेऱ्यांवर, एअर-कूल्ड (वाऱ्याने थंड होणारे) इंजिन ऑइल पिते. एकाआड एक पंपावर, गाडी सरळ उभी करून, पाच मिनिटांनी पातळी पाहावी. टायरमधली हवा थंड असतानाच मोजावी. तापल्यावर दाब वाढलेला दिसतो. तेव्हा हवा काढली तर पुढे टायर कमी हवेवर चालतो आणि आणखी तापतो. क्लच केबलच्या तारा लिव्हरजवळच्या निपलपाशी, म्हणजे तारेच्या टोकाला असलेल्या धातूच्या गाठीपाशी, तुटू लागतात. दुसरी केबल जुनीला समांतर आधीच ओढून ठेवली, तर अंधारात टाकी न काढता दहा मिनिटांत जोडता येते. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करू नये. नवा भाग बसवल्यावर तीन-चारशे किलोमीटर चालवावे, नट-बोल्ट पुन्हा कसावेत, मग तारीख धरावी.

– लांब पल्ल्याचे काही दुचाकीस्वार